पितळेलाही पावसाळा लागतो

काठी बघायला आलेला माणूस आधी मूठ धरतो. मग काठी फरशीवर दोनदा टेकवून बघतो, आणि मग त्याचा अंगठा आपोआप मुठीखालच्या कड्यावर जातो. कुणी शिकवलेलं नसतं, पण प्रत्येक जण हे करतो. कड्याच्या काठाला नख अडलं तर तो तोंडानं काही बोलत नाही. "बघतो, येतो परत" म्हणतो आणि जातो. लाकूड किती महिने वाळवलं, मूठ कुठल्या शिसवीची, याची चौकशी नंतरची. तीन सेंटिमीटरच्या त्या पितळी पट्टीवर काठीची लायकी ठरते. मला हा अन्याय वाटायचा. आता वाटत नाही.

माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली. पंपाचे शाफ्ट, इंजिनाचे बुश. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि त्याच्यापुढं अधिक-उणे दोन शतांश मिलिमीटर. तेवढ्यात काम बसलं की पास, नाही तर भंगारात. या हिशेबाची एकदा सवय झाली की माणसाला वाटायला लागतं, जगात सगळंच मायक्रोमीटरवर ठरतं. काठ्यांच्या कामाला लागलो तेव्हा लाकडाचं काम शिकावं लागणार हे ठाऊक होतं, पण कडं म्हणजे धातू, ते तर आपल्या घरचं, अशी माझी खात्री होती.

कडं कशाला लागतं हे आधी सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकांना ते नटवेपणा वाटतं. हातकाठीत मूठ वेगळी आणि दांडा वेगळा असतो. दोन्हींत मी आठ मिलिमीटरचा आटे पाडलेला पोलादी गज घालतो. उभा भार आला तर गजाला काहीच होत नाही. पण गुडघे गेलेला माणूस काठीवर सरळ कुठं भार टाकतो? तो तिरका रेलतो. त्या वेळी आतला गज पहारीसारखा दांड्याचं तोंड आतून उकलायला बघतो. लाकूड उभ्या रेषेत फार लवकर चिरतं, बांबू तर त्याहून लवकर. ती चीर सुरूच होऊ नये म्हणून बाहेरून आवळून धरणारं काहीतरी लागतं. मुसळाला वसवी असते, कुदळीच्या दांड्याला कडी असते, ती याच कामासाठी. सांधा झाकला जातो हा वरचा फायदा.

दांड्यासाठी मी जास्त करून माणगा वापरतो. सिंधुदुर्गातला हा बांबू, काटे नसलेला आणि जवळजवळ भरीव. गगनबावड्याच्या घाटातून वर येतो. दिवाळीनंतर तोडलेला घ्यायचा. पावसाळ्यात तोडलेला घेतला तर त्यात साखर-पिठूळपणा जास्त, आणि भुंग्यानं पोखरलेली पिवळी भुकटी सहा महिन्यांत खाली पडायला लागते. काही जण अमावास्या बघून तोडतात. मी महिना बघतो, तिथीचं ज्याचं त्यानं ठरवावं. बाभळीच्या आणि तिवसाच्याही काठ्या करतो, पण बांबूत एक मजा आहे: तो कधीच गोल नसतो. एका बाजूनं बावीस मिलिमीटर, दुसऱ्या बाजूनं तेवीसच्या वर. त्यात पेर जवळ असलं तर आणखी वाकडेपणा.

आता इथं लेथवाला काय करेल? दांडा चकमध्ये धरेल, तोंड गोल करून घेईल आणि पितळी सळीतून बोअर मारून कडं काढेल. बरेच जण तसंच करतात, आणि लाकडाच्या दांड्याला ते चालूनही जातं. बांबूचं बळ मात्र त्याच्या सालीलगत असतं. सगळ्यात चिवट धागे बाहेरच्या थरात, आत गर भुसभुशीत. गोल करायच्या नादात नेमका तोच थर सोलून काढला तर कड्याखाली उरलं काय? म्हणून दांडा जसा आहे तसा ठेवायचा, पत्र्याच्या जाडीपुरती खाच हातानं कानशीनं घ्यायची आणि कडं त्या आकाराचं करायचं.

सळीचीही एक भानगड आहे. लेथवर चालणाऱ्या पितळेत मुद्दाम थोडं शिसं घातलेलं असतं, तीन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळं कीस लांब वळवळत येत नाही, बारीक तुकडे होऊन उडतो आणि टूलला त्रास होत नाही. पण हेच पितळ ऐरणीवर ठोकायला घेतलं की तडकतं. ठोकून आकार द्यायचा तर पत्रा हवा, सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेला. भांड्याचं पितळ साधारण याच घरातलं.

माप घ्यायला व्हर्नियर नको. कागदाची अरुंद पट्टी खाचेभोवती घट्ट गुंडाळायची, जिथं कागदावर कागद येतो तिथं सुईनं दोन्ही थरांतून टोचायचं आणि पट्टी उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. दांडा गोल असो, लांबट असो की कसाही बेंगरूळ असो, त्याचा घेर हातात येतो. त्यात पत्र्याच्या जाडीची ३.१४ पट मिळवायची. वीस गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर, म्हणजे मिळवायचे २.८ मिलिमीटर. मौज अशी की ही बेरीज बारीक काठीला तेवढीच आणि जाड सोट्यालाही तेवढीच. आमच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरला हे सांगितलं तर त्यानं कागदावर मांडून बघितल्याशिवाय मान हलवली नाही.

पट्टी कापली की ती तापवून नरम करायची. पितळ नरम करताना पोलादाच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. पितळ अंधारात जेमतेम लालसर दिसेपर्यंत तापवून पाण्यात टाका नाही तर तसंच निवू द्या, नरमच होतं. दुकानातला दिवा बंद करून मी हे काम करतो, कारण उन्हात तो रंग दिसतच नाही आणि दिसायला लागतो तेव्हा पत्रा वितळायच्या बेतात असतो.

डाग द्यायला मी हुपरीला शिकलो. हुपरी म्हणजे पैंजणांचं गाव, घराघरांत चांदी. तिथल्या एका कारागिरानं माझी पट्टी हातात घेतली, दोन टोकं जुळवली, उजेडाला धरली आणि परत माझ्या हातात दिली. "उजेड दिसतोय मामा. डाग काय लांबी हाय व्हय भरायला?" त्याचं बरोबर होतं. चांदीचा डाग फट बुजवत नाही. दोन कडा एकमेकींना इतक्या भिडलेल्या हव्यात की डाग वितळल्यावर त्या सापटीत आपोआप ओढला जावा. तेव्हा कानस मारून कडा सरळ करायच्या, लोखंडी तारेनं कडं आवळायचं, टाकणखाराचा खडा पाण्यात उगाळून सांध्याला लावायचा आणि डागाचा चिमुकला तुकडा त्यावर ठेवायचा. ज्योत सांध्यावर धरायची नाही, सगळ्या कड्याभोवती फिरवायची. टाकणखार आधी फुगतो, लाह्यांसारखा उठतो, डागाचा तुकडा जागेवरून सरकतो, तो सळईनं परत लोटायचा. मग फुगारा बसतो आणि काचेसारखा चकचकीत होतो. त्याच्यानंतर एका क्षणी सांध्यावरून एक पांढरी रेघ पळत जाते. ती दिसली की ज्योत काढायची. पितळ वितळतं नऊशे अंशांच्या पुढं आणि डाग त्याच्या दीड-दोनशे अंश अलीकडं. तेवढीच आपली मोकळीक, आणि फुंकणीच्या ज्योतीला थर्मामीटर नसतो.

नंतर कडं पातळ ॲसिडमध्ये टाकायचं, पण आधी ती लोखंडी तार सोडायची. वापरलेल्या ॲसिडमध्ये तांबं उतरलेलं असतं. लोखंड आत गेलं की ते तांबं कड्यावर चढतं आणि पिवळं कडं गुलाबी होऊन बाहेर येतं. हे सगळं झालं की दांड्याच्या आकाराच्या लोखंडी साच्यावर कडं चढवून लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकत त्याला अंग आणायचं.

इथपर्यंत काम हाताचं आहे. हात बसला की जमतं. खरा घोळ बसवताना.

गावाकडचा कुणी दुकानात आला की हमखास सल्ला देतो, "मिस्त्री, गाडीच्या चाकाला धाव चढवत्यात तसं तापवून बसवा की. जन्मात सुटायचं न्हाई." बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव बसवायचा ते ज्यानं लहानपणी बघितलंय त्याच्या डोक्यातून ते जात नाही. शेणींच्या गोल जाळात धाव लालबुंद करायची, चार जणांनी सांडशीत धरून चाकावर टाकायची, लाकूड पेटायच्या आत घागरी ओतायच्या. मी एकदा हिशेब मांडला. पाच फुटी चाकाची धाव सहाशे अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळपास अकरा मिलिमीटरनं वाढतो. एवढ्या फरकात चाक आवळलं जाणारच. पण बावीस मिलिमीटरचं पितळी कडं दोनशे अंशांनी तापवलं तर वाढतं किती? ०.०८ मिलिमीटर. एक दशांशसुद्धा नाही. जास्त तापवावं तर खालचं लाकूड करपतं. हे मी सल्ला देणाऱ्याला सांगतो. तो ऐकून घेतो आणि जाताना परत म्हणतो, "तरी बघा एकदा तापवून."

आता दुसरा आकडा बघा. मे महिन्यात कोल्हापुरात लाकूड वाळून कडकडीत होतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. लाकूड या काळात हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. लांबीत जवळपास काहीच नाही, आडवं फुगतं. त्यातही वर्षवलयाच्या दिशेनं फुगतं ते गाभ्याकडून सालीकडं फुगण्याच्या साधारण दुप्पट. बावीस मिलिमीटरच्या काठीत एका दिशेला तीन-चार दशांश मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेला त्याच्या निम्मं. म्हणजे दोनशे अंशांच्या जाळानं पितळ जेवढं हलत नाही त्याच्या चौपट लाकूड नुसत्या पावसाळी हवेनं हलतं. दोन शतांशाच्या मापात मी ज्याला बसवायला निघालो होतो ते वर्षभर जागेवर नसतंच.

मग कुणी म्हणेल, उन्हाळ्यात वाळलेल्या लाकडावर घट्ट कडं ठोकून बसवा, पावसाळ्यात आणखी घट्ट होईल. होतं, पहिल्या पावसाळ्यात होतं. पण फुगायला निघालेल्या लाकडाला कडं जागा देत नाही, तेव्हा आतल्या नळ्या चेपतात. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं ते मूळ मापाच्याही आत, आणि कडं खुळखुळतं. सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे. सकाळी कुऱ्हाड घट्ट, आठवड्यानं आधीपेक्षा सैल. तेच हे.

तेव्हा घट्ट बसवायचंच नाही. कडं हातानं सरकेल इतकं मोकळं ठेवायचं आणि त्या एक-दोन दशांशाच्या जागेत अ‍ॅराल्डाइट भरायचं. खाचेचं लाकूड आणि विशेषतः दांड्याचं उघडं तोंड, जिथून पाणी सगळ्यात जास्त शिरतं, ते आधी लाखेच्या पॉलिशनं दोन-तीन हात बंद करायचं. लाकूड हलायचं थांबत नाही, पण त्याची घाई कमी होते. आणि कडी बसवायचं काम मी दसऱ्यानंतर काढतो, जेव्हा लाकूड ना ओलं ना करपलेलं. श्रावणात कुणी काठी मागायला आलं की त्याला दांडा निवडायला लावतो, मूठ हाताशी जुळवून घेतो आणि कड्यासाठी थांबायला सांगतो. काही जण रागावतात. एकानं तर मला सरकारी ऑफिस म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर पितळेबद्दलची माझी खात्री शाबूत राहिली असती. लाकूड हलतं, धातू नाही, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण करवीर तालुक्यातला एक दूधवाला त्याच्या वडिलांची काठी घेऊन आला. काम दुसऱ्या कुणाचं होतं. पितळी नळीचा तुकडा तोडून दांड्यावर ठोकून बसवलेला. कडं उभं चिरलं होतं, वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. वाकलेलं नाही, चेपलेलं नाही, कुठं आपटल्याची खूण नाही. "पडली न्हाई, काय न्हाई," तो म्हणाला. "गोठ्यात खुंटीला अडकिवल्याली असती. पावसात कधीतरी टक्कन वाजलं म्हणत्यात आबा." घरात त्यावरून बाहेरबाधेपर्यंत बोलणी झाली होती.

गोठा आणि पाऊस हे दोन शब्द कानावर पडल्यावर मला कारखान्यातल्या प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट आठवली. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पितळेची असत, हेच सत्तर-तीसचं पितळ. हिंदुस्थानात ती साठवून ठेवली की पावसाळ्यात आपोआप उभी चिरायची. बंदुकीत घातलेली नाहीत, नुसती ठेवलेली. ऋतूगणिक होतं म्हणून इंग्रजीत त्या रोगाला नाव पडलं तेही ऋतूवरूनच. ही काडतुसं घोड्यांच्या पागांत ठेवली जात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याची उकल छापली. घोड्यांच्या मुतातून हवेत अमोनिया सुटायचा. पावसाळी ओलीत तो पितळेवर बसायचा. आणि काडतूस ओढून बनवताना धातूच्या अंगात जो ताण मागं राहिलेला असतो तो, अमोनिया आणि ओल, हे तिघं एकत्र आले की पितळ चिरतं. तिघांतलं एक काढून घेतलं तरी वाचतं.

आता दूधवाल्याचं कडं बघा. नळी कारखान्यात ओढून बनवलेली, म्हणजे ताण आधीच अंगात. वर दांड्यावर ठोकून बसवलेली, म्हणजे आणखी ताण. पावसाळ्यात दांडा फुगला, त्याचा वेगळा. भिंतीला आठ म्हशी. बाहेरबाधेला जागाच कुठं राहिली?

तेव्हापासून ठोकून तयार झालेलं प्रत्येक कडं मी बसवण्याआधी अडीचशे-पावणेतीनशे अंशांवर तासभर भट्टीत ठेवतो. कडकपणा राहतो, ताण जातो. पूर्ण लाल करून नरम केलं असतं तर ताण गेला असता, पण मग काठी दाराला आपटली तरी कड्याला पोचा. आणि गिऱ्हाईक दूधदुभत्याचं असेल, म्हणजे आमच्या जिल्ह्यात निम्मी गिऱ्हाइकं, तर मी तांब्याचं कडं सुचवतो. जस्त जितकं कमी तितकी ही भीती कमी, शुद्ध तांब्याला जवळपास नाहीच. दूधवाल्याला तांब्याचंच बसवून दिलं. त्याला रंग आवडला नाही, आबांना आवडला.

जर्मन सिल्व्हरचं कडं मागणारेही येतात. त्यात चांदी नसते हे सांगितलं की निम्मे पितळेकडं वळतात, निम्म्यांना तेच बरं वाटतं, कारण शेजाऱ्याला चांदी वाटली म्हणजे झालं. खऱ्या चांदीची कडी मी क्वचित करतो. चांदी अंगानं मऊ, भाव रोज वेगळा, आणि काठी देवळाबाहेर ठेवायची वस्तू आहे.

यंदा दसऱ्यानंतर बसवलेल्या काठ्यांत एक आमच्या पेठेतल्या वस्तादांची होती. तरुणपणी लाल मातीत घातलेल्या बैठकांचा हिशेब आता गुडघे मागत होते. चप्पल घालून ताठ उभे करून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं. काठीची उंची तेवढीच, म्हणजे टेकताना कोपरात जरासा बाक राहतो. वस्तादांना काठी आणखी उंच हवी होती, रुबाबासाठी. त्यावर आमची बरीच झटापट झाली आणि शेवटी रबरी बूट घालून दोन पावलं टाकल्यावर ते गप्प झाले. मग अंगठा कड्यावर गेला.

"हे लई बारीक वाटतंय मिस्त्री. जाड घाला की, तोड्यागत."

"वस्ताद, हे सोळा-सतरा ग्रॅम भरतंय. तीन मिलिमीटर जाडीचं घातलं तर साठ ग्रॅम. बळ एवढ्यातच पुरेसं, ओझं मात्र जवळपास चौपट."

"साठ ग्रॅमचं ओझं मला सांगतोयस?"

या वयातही गदा फिरवणाऱ्या माणसाला काय सांगणार. बसवून देतो म्हणालो, पण जाड कड्यासाठी खाच खोल घ्यावी लागेल आणि बांबूची चिवट साल तिथंच कापली जाईल, हेही सांगितलं. ते त्यांना लगेच कळलं. मनगट मोडून कंकण कशाला, म्हणाले, असू दे हेच. पैसे मोजून दिले, दारापर्यंत गेले आणि मागं वळले.

"आमच्या घरात पण एक लागंल. वहिनीचं माप घ्यायला उद्या पोराला धाडतो. पर पितळ लावू नगा. ती म्हणती जन्मभर तांब्या-घंगाळ घासलं, आता काठी कोण घासत बसंल?"

मी म्हटलं, पोराला नको, वहिनींनाच घेऊन या. माप उभं राहून घ्यावं लागतं.